घरातला ससा: आधी पोट, मग बाकीचं

प्रश्न असा आहे. पाच महिन्यांचा ससा, फ्लॅटमध्ये, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात. खायला गाजर, सफरचंदाच्या फोडी आणि दुकानात मिळणारे रंगीबेरंगी मिश्र दाणे. मुलं उचलायला गेली की चावतो. बाहेर सोडला की सोफ्यामागे मुततो. चार्जरच्या वायरी तोडून झाल्या आहेत. मागच्या आठवड्यात एक अख्खा दिवस त्याने काही खाल्लं नाही, पण दुसऱ्या दिवशी आपोआप खायला लागला. आता त्याला घरात ठेवावं, की कुणाला देऊन टाकावं?

तुम्ही जे जाता जाता लिहिलंय ते मी आधी घेतो, म्हणजे तो न खाल्लेला दिवस. चावणं, मुतणं, वायरी या गोष्टी सुधारतात आणि त्यांना सवड असते. न खाणाऱ्या सशाला सवड नसते. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण वाट बघतो, बहुतेकदा ते चालूनही जातं. सशाचं आतडं मात्र सतत पुढे सरकत राहण्यासाठी बनलेलं आहे. त्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच जायला हवं, आणि पुढे ढकलायला मागून चोथा येत राहायला हवा. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, आतलं अन्न सुकून घट्ट होतं, वायू साठतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. हे चक्र एकदा फिरायला लागलं की एका-दोन दिवसांत जिवावर बेततं. तुमचा ससा बरा झाला, छान झालं. पण पुढच्या वेळी तशी वाट बघू नका.

नियम सोपा ठेवा. दहा-बारा तासांत सशाने काही खाल्लं नाही, किंवा ट्रेमध्ये लेंड्याच दिसत नाहीत, तर त्याच दिवशी व्हेटकडे, म्हणजे पशुवैद्याकडे. अंग गोळा करून कोपऱ्यात बसणं, डोळे अर्धवट मिटणं, पोट जमिनीला दाबून धरणं, दात करकर वाजवणं, कान गार लागणं या खुणा सोबत असतील तर रात्र आहे म्हणूनही थांबू नका. सशाच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असतं. न खाणारा ससा ३८ च्या खाली गेला असेल तर तो गंभीर आहे असंच धरायचं. सिरिंजने पातळ चारा भरवावा असा सल्ला तुम्हाला ठिकठिकाणी मिळेल. पोट फुगून टणक झालं असेल तर ते करू नका. आतडं कुठे अडलेलं असेल तर भरवल्याने नुकसान होतं, आणि अडलंय की नुसतं मंदावलंय हे तपासल्याशिवाय, कधी एक्स-रे काढल्याशिवाय, कळत नाही. माणसांच्या पेनकिलरचा तुकडा तर अजिबात नको.

ससा हा दुसऱ्याचं भक्ष्य असलेला प्राणी. दुखतंय हे दाखवणारा ससा रानात आधी मारला जातो, म्हणून तो दाखवत नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक म्हणतात, "कालपर्यंत अगदी ठणठणीत होता." बहुतेकदा तो नव्हता. घरात ससा ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला यातच वाटतो: बाहेरच्या खुराड्यातल्या सशाने काय खाल्लं आणि काय टाकलं ते कुणी पाहत नाही, घरातल्याचं रोज डोळ्यांसमोर असतं. फक्त पाहायची सवय लावावी लागते.

पाहायचं काय, तर लेंड्या. धडधाकट ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो. गोल, एकसारख्या, कोरड्या, वासही फारसा नाही. बोटांत चुरगाळली तर आत गवताचा भुसा दिसतो. त्या लहान आणि काळपट व्हायला लागल्या, आकार वेडावाकडा झाला, तर पोट मंदावतंय. केसांच्या धाग्यात माळेसारख्या ओवलेल्या आल्या तर तो केस गिळतोय, विंचरणं आणि गवत दोन्ही वाढवा. याशिवाय दुसराही एक प्रकार असतो: मऊ, चकचकीत, उग्र वासाच्या बारीक गोळ्यांचा घोस. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर सशाला सीकम नावाची मोठी पिशवी असते, तिथे जिवाणू गवत आंबवतात. त्यातून तयार झालेला हा जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असलेला माल ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. शी म्हणून त्याला हाकलू नका, हे त्याचं दुसरं जेवण आहे. हा घोस जमिनीवर चिकटलेला सापडू लागला तर मात्र विचार करायचा. एकतर खाणं गरजेपेक्षा गोडाचं किंवा पिठूळ झालंय, नाहीतर लठ्ठपणामुळे, दातांमुळे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे त्याचं तोंड तिथवर पोचत नाही.

खाण्यात तुमच्याकडे जवळजवळ सगळंच बदलावं लागेल. सशाचं मुख्य अन्न वाळलेलं गवत. पेंढा नव्हे, तो नुसता अंथरायला. चारा म्हणून कापून वाळवलेलं, हिरवट रंगाचं, सुवासिक गवत. टिमोथी सगळ्यांना माहीत आहे, पण दुसरं कुठलंही चांगलं तृणवर्गीय गवत चालतं. एकूण आहारात त्याचा वाटा ८० ते ८५ टक्के हवा. याचा अर्थ रोज त्याच्या अंगाएवढा ढीग समोर हवा, आणि तो कधीही संपता कामा नये. तुम्ही सध्या ते देतच नसाल, तर मागच्या आठवड्यातल्या प्रकाराचं बरंचसं उत्तर इथेच आहे.

दातांचाही हिशेब यातच येतो. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढतात; पुढचे पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ मिलिमीटर. लोकांना वाटतं लाकडाचा तुकडा दिला की काम झालं. लाकडाने पुढचे दात झिजतील, पण खरी दुखणी होतात ती मागच्या दाढांना. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर घासल्या जातात. दाणे नुसते वरून खाली दाबून फुटतात, तेवढ्याने दाढा झिजत नाहीत. मग त्यांना टोकं येतात, ती जीभ आणि गाल कापतात, लाळ गळून हनुवटी ओली राहते, आणि एके दिवशी ससा भांड्याशी येतो, वास घेतो, मागे फिरतो. मालक म्हणतात त्याला भूक नाही. भूक असते, चावता येत नाही.

रंगीत मिश्र दाणे बंद करा. त्यातलं गोड-पिठूळ तेवढं ससा निवडून खातो आणि चोथ्याचं उरतं. त्याऐवजी एकजिनसी, भरपूर तंतू असलेल्या पेलेट्स, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या द्या, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत. यापेक्षा जास्त म्हणजे गवताची भूक मारणं. तुमचा ससा अजून वाढीचा आहे, तेव्हा लगेच ग्रॅम मोजत बसू नका, पण सहा महिन्यांपासून या मापावर आणा. लहान पिल्लांसाठी घेतलेला लसूणघास म्हणजे अल्फाल्फा असेल तर तोही त्याच सुमाराला कमी करत बंद करायचा. त्यात कॅल्शियम फार, आणि सशाचं शरीर खाण्यातलं जास्तीचं कॅल्शियम रक्तात घेऊन लघवीवाटे टाकतं. लघवी थोडी दुधाळ असणं नेहमीचंच. टूथपेस्टसारखा दाट गाळ यायला लागला तर तपासून घ्या. लघवी कधी केशरी, कधी चक्क लाल दिसते; बहुतेकदा तो वनस्पतींमधल्या रंगद्रव्यांचा परिणाम असतो. तरी तो जोर करत असेल किंवा लाली टिकून राहिली, तर नमुना तपासणं बरं.

रोज मूठभर पालेभाजी द्या: कोथिंबीर, पुदिना, तुळशीवर्गातली पानं, गाजराचा पाला. हो, पाला. गाजर स्वतः साखरेचं आहे, नखाएवढा तुकडा बक्षीस म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. सफरचंदाचंही तेच, आणि बिया काढून. कांदा, लसूण, अवोकॅडो, बटाट्याची पानं, चॉकलेट, पाव, बिस्किटं यांना घरात पूर्ण बंदी. नवीन पाला एका वेळी एकच, थोडासा, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहून पुढे. सध्याच्या दाण्यांवरून नव्या पेलेट्सवर येताना दोन-तीन आठवडे घ्या. आतड्यातल्या जिवाणूंना एका रात्रीत बदल सोसत नाही. गवत मात्र आजपासून अमर्याद. पाणी जड मातीच्या किंवा चिनीमातीच्या वाडग्यात ठेवा. नळीच्या बाटलीतून ससा कमी पितो, आणि बाटलीतली गोळी अडकली तर दिवसभर कुणाच्या लक्षात येत नाही.

पिंजऱ्याची जाळी आजच झाकून टाका. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. तारेवर बसून ते झिजतात, टाच सोलवटते, जखम हाडापर्यंत जाऊ शकते. गुळगुळीत फरशीही वाईट, तिच्यावर पाय फाकतात आणि घाबरट ससा एका चटईवरून हलतच नाही. जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, फक्त तो धागे उपसून खात नाही ना ते बघा. जागेबद्दल ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच अशी सलग जागा सांगते, तीही चोवीस तास खुली. तुमच्या घरात तेवढी निघेल का? बहुतेक निघते, कारण पिंजरा काढून घडीचं कुंपण लावलं की खोलीचा एक भाग त्याचा होतो. पिंजऱ्याचं दार कायमचं उघडं राहू द्या, तो लपायची जागा म्हणून वापरेल. दोन तोंडं असलेला पुठ्ठ्याचा खोका त्याहून चांगला. एकाच तोंडाच्या खोक्यात सशाला कोंडल्यासारखं वाटतं. ससे पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असतात. दुपारी तो आडवा पडून असतो म्हणून मुलांनी त्याला उठवू नये.

मुतण्याचं कोडं निम्मं जागेने आणि निम्मं शस्त्रक्रियेने सुटतं. ससा स्वतःहून एखादा कोपरा ठरवतो. तुम्ही दुसऱ्या कोपऱ्यात ट्रे ठेवून वाद घालू नका, त्यानेच निवडलेल्या जागी ठेवा. ट्रे मांजराचा मोठा घ्या. तळाला कागदाच्या लगद्याच्या गोळ्या, वर गवताचा थर, आणि गवताची टोपली अशी लावा की ट्रेमध्ये बसल्याशिवाय तोंड पोचणार नाही. ससा खाता खाताच लेंड्या टाकतो, ही त्याची सवय तुमच्या उपयोगाची. मांजरांची ओलाव्याने गोळा होणारी माती वापरू नका, ससा ती खातो आणि ती पोटात फुगते. देवदार किंवा पाइनचा ताजा, वासाचा भुसाही नको. सोफ्यामागचे डाग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, कॅल्शियमचा थरही निघतो आणि वासही.

आता नसबंदी. पाच महिन्यांचा ससा म्हणजे वयात आलेला ससा. पायांभोवती गोल फिरणं, मुताची चिळकांडी, हात पुढे केला की गुरगुरून झेपावणं हे बरंचसं हार्मोनचं काम आहे. आधी तो नर आहे की मादी ते खात्रीने तपासून घ्या, कारण विकत घेताना सांगितलेलं लिंग चुकीचं निघण्याचे प्रसंग मी इतके पाहिले आहेत की आता कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. मादी असेल तर शस्त्रक्रिया हा वागणुकीपुरता प्रश्न राहत नाही. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार प्रमाणात होतो. काही जातींच्या, चार वर्षांपुढच्या निम्म्याहून अधिक माद्यांमध्ये तो आढळलेला आहे. नर असेल तर शस्त्रक्रियेनंतरही सुमारे सहा आठवडे तो मादीला गाभण करू शकतो, तोवर त्याला मादीबरोबर सोडू नका. गर्भारपण अवघं ३१ दिवसांचं आणि व्यालेली मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते, एवढं सांगितलं की पुरे. शस्त्रक्रियेआधी कुणी "रात्रभर उपाशी ठेवा" म्हणालं, तर तो दवाखाना सशांच्या सवयीचा नाही असं समजा. ससा उलटी करत नाही आणि उपाशी ठेवणं त्याला मानवत नाही.

चावणं. मुलं त्याला वरून झडप घालून उचलत असणार, आणि सशाच्या मेंदूत वरून येणाऱ्या गोष्टीचा एकच अर्थ आहे: घार. त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण नेमकं नाकासमोर आणि हनुवटीखाली दिसत नाही. तुम्ही प्रेमाने नाकासमोर धरलेला हात त्याच्या दृष्टीने अचानक उगवतो. मुलांना जमिनीवर बसवा, हातात पाल्याचं पान द्या, आणि तो येईपर्यंत काही करू देऊ नका. आला तर कपाळावरून मागे हात फिरवा. उचलायचा नाही, हा घरचा कायदा करून टाका, किमान दहा वर्षांखालच्यांसाठी. हे लाडापायी सांगत नाही. सशाचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के असतो आणि मागच्या पायांचे स्नायू जबरदस्त. लटकलेल्या अवस्थेत त्याने लाथ झाडली की कमरेचा मणका मोडतो, तेही खाली न पडता. मोठ्यांनी उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि त्याला आपल्या अंगाशी घट्ट. कान धरून कधीच नाही. त्याला पाठीवर उलटा केला की निपचित पडतो, लोक त्याचे व्हिडिओ काढतात आणि म्हणतात बघा कसा झोपला. ती गाढ भीती असते. माझ्या टेबलावरही मी ते टाळतो.

त्याची भाषा शिकलात तर चावायची वेळच येणार नाही. मागचा पाय दाणकन आपटला तर धोका किंवा राग. हनुवटी वस्तूंवर घासतोय म्हणजे वास लावून मालकी सांगतोय. हवेत उडी मारून अंग वळवतो, पाळणारे त्याला बिंकी म्हणतात, तो निखळ आनंद. धपकन कुशीवर पडला की नवे मालक घाबरून फोन करतात. तो निवांत झालेला असतो. हात फिरवताना दात हळू किटकिटले तर त्याला बरं वाटतंय. मोठ्याने करकरले तर दुखतंय, हे वर सांगितलंच.

वायरींबाबत त्याला शिकवत बसू नका, जमणार नाही. बिळातली मुळं कातरत जाणं हे त्याच्या रक्तात आहे आणि वायर त्याला मुळासारखीच दिसते. जाड प्लास्टिकच्या नळीत घाला, फर्निचरच्या मागून न्या, उरलेल्या कुंपणाबाहेर. कुंड्याही उचला, लिली, डिफेनबेकिया अशी शोभेची झाडं विषारी असतात. बदल्यात कातरायला पुठ्ठा आणि खणायला कागदाचे कपटे भरलेला खोका द्या. ज्या सशाला काम नाही तो तुमच्या भिंतीचं काम काढतो.

उकाडा हा थंडीपेक्षा मोठा शत्रू. सशाला घाम येत नाही, उष्णता मुख्यतः कानांतून जाते. २५ अंशांच्या पुढे तो अस्वस्थ होऊ लागतो, ३० च्या आसपास उष्माघात होऊ शकतो. सावलीतली खोली, हवा खेळती, कापडात गुंडाळलेली गोठवलेली बाटली टेकायला. तो तोंड उघडून धापा टाकत असेल तर कान ओल्या हाताने पुसत लगेच दवाखाना. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आंघोळ एरवीही नको. ससा स्वतःला साफ ठेवतो, आणि भिजवलेला ससा भीतीने आणि गारठ्याने दगावू शकतो. मागचा भाग माखत असेल तर खाण्यात किंवा पाठीत बिघाड आहे, तो शोधा. माखलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या कातडीत शिरतात, घरातल्या सशालाही.

औषधांच्या दोन गोष्टी पाठच करा. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्या-मांजरांना मानेवर टाकतात त्या फिप्रोनिलच्या औषधाने सशाला झटके येऊन मृत्यू येऊ शकतो. आणि तोंडाने दिलेलं पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून जीव घेऊ शकतं. घरात उरलेली गोळी देणं तर सोडाच, नवीन डॉक्टरकडे गेलात तर हे स्वतःहून विचारा. सशांवर नेहमी उपचार करणारा डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. तुमच्या भागात मिक्सोमॅटोसिस आणि सशांच्या रक्तस्रावी रोगाची लस मिळत असेल तर घ्या. हे रोग कीटकांमार्फतही पसरतात, तेव्हा "आमचा ससा बाहेर जातच नाही" हे पुरेसं कारण नाही.

आणि जोडीदार. ससे कळपातले आहेत, एकटा ससा माणसांच्या वेळापत्रकावर कंटाळतो. नसबंदी केलेला नर आणि मादी ही जोडी सर्वांत चांगली जमते, पण त्यांची ओळख दोघांचीही नसलेल्या जागी, थोडी थोडी करून द्यावी लागते. सरळ एकत्र सोडले तर रक्त निघेपर्यंत भांडतात. गिनी पिग हा पर्याय नाही. दोघांचं खाणं वेगळं, आणि सशाची एक लाथ त्याला महागात पडते. मात्र आत्ताच दुसरा आणू नका, आधी या एकाची घडी बसू द्या.

ठेवावा की द्यावा? ससा ८ ते १२ वर्षं जगतो, मुलं तोवर मोठी होऊन आपापल्या वाटेला लागतील. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला हा ससा स्वतःचा वाटत असेल, तर ठेवा. वर लिहिलेलं बहुतेक सगळं महिन्या-दोन महिन्यांत जमतं. मुलांचं खेळणं म्हणूनच आणला असेल आणि मोठ्यांना त्यात रस नसेल, तर जागा आणि गवत दोन्ही असलेलं घर शोधून द्या. मोकळ्या माळावर सोडून देऊ नका. पाळीव सशाला ना लपायची जागा माहीत, ना त्याचा रंग त्याला लपू देत.

निर्णय काहीही होवो, या आठवड्यात दाढा, वजन आणि लिंग एकदा तपासून घ्या. नेताना टोपलीत त्याचं गवत टाका, रस्त्यात खाईल, आणि त्या दिवशीच्या थोड्या लेंड्या वेगळ्या पुडीत घ्या. घाबरलेला ससा दवाखान्यात नीट लेंड्या टाकत नाही, आणि डॉक्टरला त्या हव्या असतात.